कॅरव्हॅनची चौथी बाजू

गुनवोर आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली आणि दर हिवाळ्यात नवऱ्यामागोमाग कॅरव्हॅनमध्ये, गाडीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घरात, जाऊन थंडीला शिव्या देत बसली. थंडी तिला कधी मानवलीच नाही. नवऱ्याला, सिक्स्टेनला, मात्र स्वीडनमधल्या हार्येडालेनच्या डोंगराखालचा आमचा कॅरव्हॅनवाल्यांचा तळ आणि गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणं, यापलीकडे स्वर्ग ठाऊक नव्हता. घरदार सोडून उणे वीसमध्ये डब्यात झोपायला का जायचं, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. ज्यांना विचारावंसं वाटतं ते येतच नाहीत, आणि बरंच आहे ते.

तळावर सिक्स्टेन सगळ्यांचा गुरू. थंडीत हँडब्रेक ओढायचा नाही, तो गोठून बसतो, चाकांना लाकडं लावायची. कॅरव्हॅनच्या पोटाखाली वारा शिरू नये म्हणून भोवती बर्फाची भिंत रचायची, पण तीनच बाजूंनी. दाराची बाजू मोकळी ठेवायची, कारण आत ऊब देणारी गॅसची शेगडी फरशीखालूनच हवा घेते. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण शेगडीचं नाक दाबलं की ती विझते. कुणी नवख्याने चारही बाजू लिंपल्या की सिक्स्टेन फावडं घेऊन निघायचा. "बाबा रे, तिला श्वास घेऊ दे," म्हणायचा.

गुनवोरची कटकट नेमकी त्या चौथ्या बाजूची. दाराकडून वारा येतो, पाय गारठतात, तेवढी बंद कर की. चाळीस हिवाळे ती हेच म्हणत आली आणि तो हसून नाही म्हणत आला.

गेली दोन वर्षं त्याची स्मरणशक्ती गळत चालली होती. बूट फ्रिजमध्ये सापडायचे. एकदा तर शेजाऱ्यांच्या सोफ्यावर जाऊन झोपला. मुलीने, अग्नेताने, नगरपालिकेत म्हाताऱ्यांची सोय बघणाऱ्या बाईंशी बोलून वृद्धाश्रमात जागा मिळवली होती. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. गुनवोरने मनाशी ठरवलं, त्याला एकदा तळावर न्यायचं. तिथे तो पहिल्यासारखा वागला, तर नाही म्हणायचं. मग जग काहीही म्हणो.

कॅरव्हॅन तिने जन्मात पहिल्यांदा स्वतः गाडी चालवून ओढत आणली. वाटेत तो चारदा म्हणाला, गाडी छान आहे, कुणाची? तिचा धीर सुटत चालला होता. पण तळावर पोचल्यावर तिचा हात कॅरव्हॅनच्या हँडब्रेककडे गेला, तेव्हा त्याने तो धरला. "ओढू नको. गोठेल."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गुनवोरला रडू आलं. शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या बोर्येला तिने ते लगेच सांगितलं. तो म्हणाला, त्याला आश्रमात धाडायचं असेल तर आधी मलाच धाडा.

सकाळी ताजा बर्फ पडलेला होता. सिक्स्टेनने आपणहून फावडं उचललं. गुनवोरने कॉफी ठेवली आणि खिडकीतून बघत बसली. तो भिंत रचत होता, फावड्याच्या पाठीने थोपटून सारखी करत होता. अग्नेताला काय सांगायचं ते तिने जुळवून ठेवलं. किती दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

मग शेगडीची घरघर थांबली. तिने पुन्हा पेटवून पाहिली, पेटेना. बाहेर जाऊन सिलिंडर बघावा म्हणून तिने दार ढकललं. दार बाहेर उघडणारं, ते बोटभरही हललं नाही. खिडकीतून वाकून पाहिलं, तर दाराच्या मुठीपर्यंत बर्फ थापलेला होता, गुळगुळीत आणि घट्ट.

तिने काच वाजवली. तो समोर आला आणि त्याने अदबीने टोपी काढली.

"सिक्स्टेन, दार मोकळं कर. मी आत आहे."

"आत्ता नाही जमायचं, बाई. माझी बायको यायची आहे. तिला वारा सोसत नाही. या दाराकडून येतो म्हणून किती दिवस मागे लागलीय. ती यायच्या आत एवढं उरकतो."

"अरे, मी गुनवोर."

त्याने नीट निरखून पाहिलं. त्याचा चेहरा खुलला.

"तिचंही नाव गुनवोर," तो म्हणाला, आणि पुन्हा भिंत थोपटू लागला.

आत श्वास दिसण्याइतकी थंडी झाली. कोट घालून ती दाराशी बसून राहिली. इतकी एकटी ती कधीच नव्हती. शेवटी बोर्येने पाहिलं आणि धावत येऊन बर्फ फोडला. सिक्स्टेन पडलेल्या भिंतीकडे बघत उभा होता.

"आता तिला वारा लागेल," तो म्हणाला.

"नाही लागणार," गुनवोर म्हणाली. तिने त्याच्या कानांवर टोपी ओढली. मग फोन काढला आणि सोमवारची वाट न बघता नगरपालिकेच्या बाईंना हो म्हणून सांगितलं.