उरलेले बत्तीस टक्के

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी चुनखडीत एक नवा पदार्थ शोधून काढला. कॅल्शियम चाळीस टक्के, कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा, बेरीज अडुसष्ट. शंभर तर व्हायलाच हवेत! मग मी पेपरात ऐटीत लिहिलं, 'इतर : बत्तीस टक्के.' चुनखडीत ऑक्सिजनचे अणू तीन, म्हणून सोळाला तीनने गुणायचं, हे माझ्या दोन वेण्यांच्या मधल्या भागात शिरलंच नव्हतं.

आम्हाला केमिस्ट्री शिकवायच्या त्या 'शंभर टीचर'. खरं नाव फक्त पगारपत्रकात. राहायच्या मढला, रोज तरीतून खाडी ओलांडून वेसाव्याला उतरून अंधेरीला कॉलेजात यायच्या. कुठेही बेरीज शंभर भरली नाही की त्यांचा प्रश्न ठरलेला, "बाकीचं कुठंय?" एकदा टॉनिकच्या बाटलीवरचे टक्के मिळवून औषधवाल्यालाच म्हणाल्या, "नव्वदच भरतात. बाकीचं तुम्ही प्यायलात?"

माझा पेपर मोठ्या सरांनी, म्हणजे प्रिन्सिपलनी, वर्गात वाचून दाखवला. पोरं बाकं बडवून हसली. "मुली, तू आर्ट्सला जा. वडिलांना मी कळवतो," सर म्हणाले. वडील तर मला सायन्समधून काढायची वाटच बघत होते. मला मात्र लॅबमधला पांढरा कोट हवा होता. का, तर तो मला शोभेल असं आरशाने सांगितलं होतं! रडत टीचरांकडे गेले. त्या मला तशीच ओढत सरांसमोर घेऊन गेल्या.

"सर, बत्तीस कमी पडतात हे हिला कळलं तरी. बाकीच्यांनी अडुसष्टवरच थांबून पेपर दिलाय. त्यांना कुठे पाठवताय?"

"आणि ही नापास झाली तर?"

"तर राजीनामा देते. लिहून हवाय?"

मग वर्षभर दर रविवारी मढच्या धक्क्यावर माझी शिकवणी. शेजारी बोंबील सुकत घातलेले. माझ्या एका हातात पेन्सिल, दुसऱ्याने शाकाहारी नाक दाबलेलं.

"टीचर, वास येतो."

"येऊ दे. अणू मोज आधी."

पास झाले. औषधांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं पांढरा कोट घातला. तो मला अजिबात शोभला नाही. पण काढला नाही.

गेल्या महिन्यात मढला गेले. टीचर ओट्यावर बसल्या होत्या, काठी मांडीवर. मी म्हटलं, "टीचर, अडुसष्ट पूर्ण झाली मला. नोकरी झाली, नातवंडं झाली. मुलगा म्हणतो, आता गप घरी बस."

त्यांनी चष्मा वर सरकवला.

"अडुसष्टच ना गो? मग उरलेल्यावर 'इतर' लिहून मोकळी होऊ नको."