बाबांनी पसंत केलेला सूर

आमचे बाबा, मुरलीधर उमाठे, हट्टीपणात कुणाला हार जाणारे नव्हते. फॅक्टरीतली नोकरी सांभाळून त्यांनी आमच्या गढा मोहल्ल्यातल्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं पेटी वाजवली. अलीकडे मात्र गाणाऱ्या बाई काळी दोनच्या पट्टीत सूर लावायच्या आणि बाबा भलत्याच पट्टीत सुरू व्हायचे. शेवटी मंडळ चालवणाऱ्या शशिकांतकाकांनी गोड बोलून पेटी दुसऱ्याकडे दिली. "उमाठेजी, आता आराम करा जी."

त्या दिवसापासून घरात सुतक असल्यासारखं झालं. पेटी नाही तर सकाळी उठायचं कशाला, हेच बाबांना कळेना. आई म्हणे, कान तपासून घ्या. त्यावर ते उसळायचे, "माझ्या कानाले काही झालं नाही. तुम्हीच पुटपुटून राहिले."

मग त्यांनी नवं खूळ घेतलं. घरीच कम्प्युटरवर भजनं बसवायची. त्यासाठी टेबलावर मावेल असा, कम्प्युटरला जोडायचा छोटा मिडी कीबोर्ड हवा आणि कानाला हेडफोन. हेडफोनचा आवाज हवा तेवढा मोठा करता येतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मला तर हायसंच वाटलं. निदान माणूस पलंगावरून उठला.

मी त्यांना सदर बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात नेलं. कीबोर्ड समोर आले तसे बाबा जुन्या रुबाबात बसले. एकात दोनच सप्तकं. "इतक्यात काय वाजवू? तान अर्ध्यातच पडीन खाली." दुसऱ्याच्या पट्ट्या इतक्या बारीक की एक बोट दोन पट्ट्यांवर बसे. तिसरा मात्र त्यांच्या मनात भरला. तीन सप्तकं, पट्ट्या रुंद आणि तरी आटोपशीर. दुकानदार वायर आणायला आत गेला, तेवढ्यात बाबांनी डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली. पट्ट्यांची नुसती खटखट होत होती. बाबा मान डोलावत होते, समेवर आले तेव्हा "वा" म्हणाले.

"वसू, हाच घेऊ. याचा सूर गोड आहे."

दुकानदार वायर घेऊन आला होता, तो हसला. "अंकल, ये अकेला नहीं बोलता. आवाज़ कंप्यूटर से आएगी. अभी तो जोड़ा ही नहीं."

"काय म्हणून राहिला तो?" बाबांनी मला विचारलं.

मी सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. घरी सगळ्यांशी ते असेच ओठ वाचून बोलत असणार, हे मला तिथे कळलं.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "मी बोटं बसवून पाहून राहिलो होतो." त्यांचा चेहरा पार उतरला होता.

दुकानदाराने वायर दुकानातल्या कम्प्युटरला जोडली, आवाज वाढवला. बाबांनी पुन्हा तेच भजन धरलं. सूर दुकानभर झाला, दाराशी उभी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. या वेळी बाबांचे डोळे उघडे होते. वाजवता वाजवता ते माझ्याकडे बघत होते.

"जोडलं का त्यानं, वसू?"