मुंजाबाने उभा केलेला पाटील

मुंजाबा चाळीस वर्षं पाटील झाला. नाटकात झाला, सिनेमात झाला, टीव्हीवर झाला. सातबाऱ्यावर मात्र त्याच्या नावानं गुंठाभरही जमीन नव्हती. देवगाव रंगारीच्या मेंढपाळाचं ते पोर. चिकलठाण्यात कारखाने उभे राहिले तेव्हा मशीनवर लागलं आणि पहिल्याच वर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत बक्षीस घेऊन आलं. परीक्षक म्हणाले, असा पाटील मोठमोठ्या नटांना जमत नाही. कसा जमणार? त्यांनी पाटील पुस्तकात पाहिलेला. पुढं सिनेमावालेही त्याला शोधत औरंगाबादेत येऊ लागले.

मुंजाबानं पाटील रानात पाहिला होता. सुगी झाली की त्याची आई पुतळाबाई काकासाहेब पाटलांच्या शेतात मेंढ्या बसवायची. लेंड्यांचं खत रानाला, बदल्यात दाणे तिला. दिवस मावळताना धुळीत सगळं रान तरंगायला लागायचं. मेंढ्या कुठं संपतात अन् आभाळ कुठं सुरू होतं, कळायचं नाही. त्या धुळीतून आधी खोकला यायचा. दोनदा, कोरडा. मग काकासाहेब दिसायचे. तोवर बसलेलं माणूस उठून उभं राहिलेलं असायचं. मुंजाबा पाटलाचं काम करताना डोळे अर्धे मिटायचा, त्या धुळीत शिरायचा आणि खोकायचा. बस, पाटील तयार.

नामांतराच्या दिवसांत औरंगपुऱ्यातल्या नाटकवाल्या बन्सीनं पथनाट्य बसवलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या आड येणारा पाटील अर्थात मुंजाबाच. गावोगाव प्रयोग झाले आणि देवगावची पाळी आली. काकासाहेबांचा निरोप आला, इथं तोंड रंगवलंस तर आईच्या मेंढ्या माझ्या रानात बसणार नाहीत. बन्सी म्हणाला, तू राहू दे, दुसरा कुणी उभा करू.

मुंजाबा भडकला. "दुसरा कुठून आणतो? तो पाटील माझा हाय."

दिवस कलताना पारापुढं गाव जमलं. काकासाहेब पुढं खुर्चीवर, बाकी मंडळी खाली मातीत. मुंजाबाचा प्रवेश गर्दीच्या मागून होता. त्यानं डोळे अर्धे मिटले आणि तो दोनदा खोकला.

अख्खं गाव उठून उभं राहिलं.

बायांनी पदर सारखे केले, गड्यांनी माना खाली घातल्या. खुर्चीतले काकासाहेब वळून बघत राहिले. तिरप्या उन्हात धूळ तरंगत होती आणि तिच्यात मुंजाबाला पुतळाबाई दिसली. पदर कपाळापर्यंत ओढून, नजर जमिनीला लावून, त्याच्यासमोर उभी. पाठ केलेलं वाक्य त्यानं सोडून दिलं.

"आये," तो हळूच म्हणाला, "खाली बस. मी हाय."

पुतळाबाईनं वर पाहिलं. "व्हय की रं, तूच," म्हणाली आणि बसली. तिच्यामागं एकेक जण बसत गेला. कुणी हसलं, कुणी शरमलं. काकासाहेब तरातरा निघून गेले. त्यांच्यासाठी उठायचं कुणाला सुचलं नाही. मग मुंजाबानं राहिलेलं नाटक केलं.

प्रयोगानंतर तो आईपाशी टेकला. "रान गेलं आपलं."

"रानं लई हायत," ती म्हणाली. "गुडघे दोनच हायत माझे. कितींदा उठू?"

सकाळी तिनं कळप अजिंठ्याच्या वाटेला लावला. पांढुरक्या उजेडात मेंढ्या विरघळल्यासारख्या चालल्या होत्या. मुंजाबानं कारखान्यात खाडा केला आणि काठी घेऊन कळपामागं चालू लागला.