शेवंती परब आणि ‘टेक’ची वाक्यं

यांचा डबा भरायचा होता आणि तव्यावर शेवटची पोळी होती, तेवढ्यात दाराची कडी वाजली. दूधवाला येऊन गेला होता. दार उघडलं तर समोर मोकळ्या कपाळाची एक बाई. वहाणा तिने खाली जिन्यातच काढून ठेवलेल्या.

“मी शेवंती. दगडू परबांची.”

यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि उठून उभे राहिले.

परळला गिरणीकामगारांसाठी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग चाले. हे तिथे आठवड्यातून दोनदा शिकवायला जात. यांची रीत जरा निराळीच. पुस्तक नाही, पाठांतर नाही. सहा महिने एकच क्रियापद, टेक. प्रत्येकाने आपल्याच दिवसातलं काहीतरी त्यात बसवून वाक्य लिहून आणायचं. सगळ्यांचे कागद घेऊन रविवारी आमच्याकडे ठाकूरद्वारला यायचा तो दगडू. गिरणीत मागावर काम करायचा. त्याची स्वतःची वाक्यं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या पाठीवर लिहिलेली असत. आधी दारातच उभ्याने चहा प्यायचा. पुढे पुढे बसायला लागला.

आपण चहा घेतो, ट्राम पकडतो, फोटो काढतो, कामाला वेळ लागतो, पोर बापावर जातं. इंग्रजीत या सगळ्याला टेक, याची त्याला भारी गंमत वाटे. एकदा यांना म्हणाला, “सर, परीक्षा देतो आपण आणि इंग्रजीत ती ‘घेतो’ म्हणायचं! मग पेपर तपासतो कोण?” हे हसले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आणि जानेवारीत, मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून रस्ते पेटले त्या आठवड्यात, लालबागला गोळी लागून दगडू गेला. मोर्चात नव्हता. बायकोच्या खानावळीसाठी कोळसे आणत होता.

त्या खानावळीची बाई आता आमच्या पाटावर अवघडून बसली होती. कणकवलीकडची. लग्न होऊन आली ती चौदा वर्षांची, आणि दुसऱ्याच वर्षी चुलीशी बसली. गावाकडची अकरा माणसं तिच्या हातचं जेवत, दोन्ही वेळा. नवरा गेल्यावर सुतकापुरती चूल थांबली, तेराव्यानंतर पुन्हा पेटली. “माणसां उपाशी कशी ऱ्हवतली?” एवढंच ती म्हणाली. मी चहा पुढे केला, तो तिने तसाच ठेवला.

“बाई, त्यांचे कागद तुमच्याकडे आसत मां? फोटो काढलो नाय कधी. गावाक चिठी लिवायचे ती दुसऱ्यांची. त्यांच्या हातचा काय्येक नाय माझ्याकडे.”

मी यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत होते.

कागद आले की त्याच रविवारी मी ती वाक्यं एका वहीत नीट उतरवून ठेवत असे. वर्गासाठी पुढेमागे छोटंसं पुस्तक करावं, असं यांच्या मनात होतं. एकदा पक्कं उतरवलं की कच्चं ठेवायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. सोमवारी सकाळी ते कागद बंब पेटवायला जात. सहा महिन्यांत एकही उरला नव्हता.

“कागद नाहीत, शेवंतीबाई,” मी म्हटलं. “बंबात घातले. मीच घातले.”

ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

“वही आहे,” हे हळूच म्हणाले. “अक्षर हिचं आहे, पण वाक्यं त्याचीच.”

मी वही आणली. तिला अक्षर येत नव्हतं, तरी तिने पान हातात घेऊन पाहिलं, मग परत दिलं.

“मी भाकऱ्या थापी, तेव्हा बाजूक बसून घोकायचे,” ती म्हणाली. “मी म्हणायची, एकाच शब्दाक किती दळतास? तर म्हणायचे, शेवंते, एक नाय गो, वीस शब्द आसत त्यात.”

माझी नजर एका ओळीवर अडकली. ‘माय वाइफ टेक्स नो संडे.’ इंग्रजी तसं अवघडलेलंच होतं, पण उतरवताना मला ते दुरुस्त करवलं नव्हतं. मी वाचलं आणि लगेच मराठीतून सांगायला लागले, “म्हणजे बघा, माझी बायको एकही रविवार...”

तिने हात वर केला. यांची ऑफिसची वेळ कधीच टळून गेली होती. तरी हे तिथेच, भिंतीला टेकून उभे.

“बाई, माका अर्थ सांगू नका,” ती म्हणाली. “ते म्हणायचे तसा नुसता इंग्रजीतला वाचा.”