ओढून बघणारे दामूकाका

दामूकाका काहीही जोडलं की ओढून बघत. दाराची कडी, पोरांच्या बुटांची नाडी, शेगडीची नळी. नारपोलीत त्यांचा उभा जन्म कापड विणायच्या लूमवर गेला. तुटलेल्या धाग्याला गाठ मारली की हलका हिसका द्यायचा, ती टिकली तरच लूम चालू करायचा, ही हातांना लागलेली सवय. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. एकदा माझ्या सदऱ्याचं नवं लावलेलं बटण त्यांनी जिन्यात थांबवून ओढलं. तुटलं. "बघ, हापिसात तुटलं असतं," म्हणाले आणि निवांत वर गेले.

गेल्या वर्षी माझी बायको संध्या गच्चीच्या पायऱ्यांवर पडली. हाड जुळलं, पण खांदा आखडला. हात कानापर्यंतही जाईना. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी हात धरला की ती ओरडून मागे सरके. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिन्याभरात हात वर गेला नाही तर भूल देऊन खांदा मोकळा करावा लागेल. भुलीच्या नावानेच तिची झोप उडाली होती.

तेव्हा भाच्याने त्याचा गेमचा संच वापरायला दिला. डोळ्यांवर मोठा चष्मा चढवायचा आणि समोर टांगलेले कंदील हात वर करून काढायचे. व्यायामाच्या बाईंनाही कल्पना पटली. जोडणी सरळ होती: गेमच्या यंत्रातली वायर एका छोट्या डबीत, डबीतून एक टीव्हीला, दुसरी चष्म्याला. मी प्रत्येक वायरीला नंबर चिकटवला आणि जोडत गेलो. मदतीला आलेले काका माझ्यामागून येत गेले.

टीव्हीवर चित्र आलं. संध्याने चढवलेल्या चष्म्यात अंधार.

"काढा हे," संध्या म्हणाली. "नाहीतरी माझ्याच्याने होणार नाही."

मी सगळे नंबर पुन्हा तपासले. बरोबर होते. मग डबीमागे वाकलो, तर चष्म्याची पिन अर्धी बाहेर.

"काका, ही ओढली का तुम्ही?"

"मंग? वढल्याबिगर कसं कळनार?" आणि त्यांनी स्वतःच कपाळाला हात लावला. "आरं, ही गाठ न्हाय. ही नुसती खोचलेली हाय!"

चष्म्याच्या आत संध्या खुदकन हसली. पडल्यापासून तिचं हसू मी ऐकलं नव्हतं.

पिन दाबली. तिला कंदील दिसले. मी तिच्या कोपराला आधार द्यायला गेलो, तर काकांनी माझं मनगट धरलं. "भाऊ, तिला वढू नको. तिचं तिला जाऊ दे."

"आणि तुमचे हात कुठे आहेत, काका?" संध्याने चष्म्याआडून विचारलं.

"पाठीमागं बांधलेत, बाय."

खरंच बांधले होते. पहिला कंदील खांद्याच्या उंचीवर होता, दुसरा जरा वर. तिसऱ्यापाशी ती कण्हली, थांबली, दम घेतला. हात कानाच्या वर गेला. चष्म्यामुळे तिला स्वतःचा हात दिसत नव्हता. आम्हाला दिसत होता.

रोज सकाळी ती कंदील काढत राहिली. भुलीची वेळ आली नाही.

दिवाळीनंतर काका वडप्याला मुलीकडे राहायला निघाले. जिने चढणं गुडघ्यांना जमेना. टेम्पोत सामान चढलं, दोर बांधला. वरच्या गाठीपर्यंत काकांचा हात पोचेना.

"कुनी वढून बघितली का?"

संध्या पुढे झाली, टाचा उंचावल्या आणि तोच हात सरळ वर नेऊन गाठीला हिसका दिला. "बघितली, काका. घट्ट आहे."

काकांनी गाठीकडे पाहिलंच नाही. तिच्या हाताकडे पाहिलं. "मंग चला," म्हणाले आणि टेम्पोत बसले.