मॅडमनी छापलेलं अर्धं बोलणं

मॅडम कधी टेबलामागे बसल्या नाहीत. पहिल्या बाकावरच्या मुलीला थोडं सरकायला सांगून तिथेच बसत आणि शिकवू लागत. कुटुंबातला संवाद हा त्यांचा विषय. त्या म्हणायच्या, "घरात माणसाला जवळीकही हवी असते आणि मोकळीकही. तो एकाच दमात दोन्ही बोलतो. त्यातलं एकच खरं मानू नका." आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मोशीच्या आमच्या दोन खोल्यांतलं बोलणंही अभ्यासाचं असू शकतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

मुलांना त्या आईच्या नावाने ओळखायच्या. मला, "काय, शालनची लेक?" डबा नसला की न विचारता स्वतःचा पुढे सरकवायच्या. म्हणून त्यांनी लेखासाठी आईची मुलाखत मागितली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. आई तयार नव्हती. नाव बदलणार आहेत, असं मीच तिला शपथेवर सांगितलं. मग ती बोलली, "ह्यांची सेकंड शिफ्ट आसली की घर माजं वाटतं. पर ते आल्याबिगर मला घास उतरत न्हाई." मॅडमनी ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. त्यांचे डोळे भरले होते.

लेख कॉलेजच्या वार्षिक अंकात आला. आपलं नाव छापून आलंय एवढं पाहूनच मी तो बाबांच्या हातात दिला. चाकणच्या कारखान्यातल्या एका कामगाराच्या बायकोचं म्हणून आईचं पहिलं वाक्य ठळक अक्षरांत होतं. दुसरं कुठेच नव्हतं. आईचं नाव बदललं होतं. खाली माझे आभार मात्र बाबांच्या नावासकट, पूर्ण नावानिशी मानले होते.

मॅडमना विचारायला मला आठवडा लागला. "अगं, जागा कमी होती," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्या वाक्यालाच लोक थांबतात." आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. तेच जास्त लागलं. परीक्षेनंतर मी त्यांना भेटले नाही.

बाबांनी सुपरवायझरला सांगून कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली. आईला एवढंच म्हणाले, "तुला बरं पडंल." तिने राहिलेलं वाक्य सांगून पाहिलं. "छापलंय ते वाचलं मी," म्हणाले.

मॅडमनी लावलेली सवय काही सुटत नाही. कुणी काही बोललं की मी पुढच्या वाक्यासाठी थांबते. आई मात्र पहिलंही बोलत नाही. परवा तिला सहज विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, "कुनाला सांगायचंय तुला?"