धुऱ्याच्या अलीकडे

आमच्या घरी धान पिकायचा आणि आम्ही रेशनचा तांदूळ खायचो. कॉलेजात मी हे एकदा बोलले तर शेजारच्या मुलीला ते खोटं वाटलं. तिला वाटणारच. तिने रानडुकरांनी लोळवलेली धानाची बांधी कधी पाहिली नव्हती.

लाखनीहून आत आलं की आमचं गाव, आणि गावाच्या अगदी शेवटी आमचं शेत. त्याच्या तीन बाजूंना झुडपी जंगल. नावाला जंगल, खरं तर पळस, बोरीची काटेरी झुडपं आणि मधेमधे मोहाची झाडं. लहानपणी आम्ही तिथे गुरं नेली, सरपण आणलं. ते गावचंच आहे असं सगळे धरून चालायचे. मग कधीतरी कळलं की कागदावर ते वनखात्याचं आहे. आमच्या शेताची हद्द दाखवणारा जो बांध आहे, ज्याला आम्ही धुरा म्हणतो, तिथे आमचं संपतं आणि त्यांचं सुरू होतं.

डुकरं दिवसा त्या झुडपांत झोपतात. धान लोंबीवर आला, दाण्यात दूध भरलं, की पहाटे बांध्यांत उतरतात. खातात थोडं, लोळवतात फार. सकाळी बाबा धुऱ्यावर उभे राहून बघायचे आणि घरी यायचे. कापणीच्या दिवसांत आई दुसऱ्यांच्या बांध्यांत विळा घेऊन जायची, कारण आमच्याकडे कापायला उरायचंच नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. भंडाऱ्याला एस.टी.ने जाऊन-येऊन बीए झाले. हे मी अभिमानाने सांगते, त्यात चोरायचं काय? त्याच वर्षी रोवणी आटोपल्यावर बाबा जेवता जेवता म्हणाले, “यंदा डुकरानं खाल्लं तं वावर पडीत टाकतो. लाखनीले हमाली करतो.”

आईच्या हातातला घास हातातच राहिला. बाबांनी आजवर दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेलं नव्हतं. शेत सुटलं असतं तर ते माणूसच आतून मोडलं असतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी वनरक्षकाला गाठलं. म्हटलं, काय करायचं सांगा.

“हाकलून लावा जी ताई.”

“कुठं हाकलू?”

“जंगलात.”

“अन् परत आले तं?”

“तं परत हाकला.”

तो चेष्टा करत नव्हता, हेच जास्त लागलं. गावात कोणी सांगे तारेत करंट सोडा. त्या करंटने माणसं मरतात, गुरं मरतात. आम्ही नाही म्हटलं. लाखनीचा एक हौशी शिकारी जीप आणि मोठी बॅटरी घेऊन यायला तयार होता, त्यालाही नाही म्हटलं. त्याला डुक्कर हवं होतं, आमच्या धानाशी त्याला घेणंदेणं नव्हतं.

नियमात एक वाट होती. पिकाची नासधूस करणारं डुक्कर परवानगी काढून, परवान्याच्या बंदुकीने मारता येतं. ही वाट आम्हाला कोणी सांगितली नव्हती, मी शोधली. मग चकरा. आज साहेब दौऱ्यावर, उद्या साहेब मीटिंगमध्ये. शेवटी परवानगी मिळाली ती फक्त आमच्या शेतापुरती. झुडपात पाय ठेवायचा नाही, झुडपात गोळी मारायची नाही, डुकराने धुरा ओलांडला की त्याच्याकडे बघायचंही नाही.

तो कागद घेऊन मी फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत होते, तेव्हा समोरून उघड्या जिप्सी गेल्या. शहरातली माणसं, गळ्यात दुर्बिणी, अभयारण्यात जंगल बघायला चाललेली. त्यांच्यासाठी फाटक उघडतं. आम्ही जंगलाच्या उंबऱ्यावर जन्म काढला तर आम्हाला तिथली काडी उचलायची चोरी. आणि डुकराला ना फाटक, ना परवानगी. ते येतं, खातं, जातं.

अड्याळकडे राहणाऱ्या माझ्या मामांजवळ पीकसंरक्षणाची बंदूक आहे. मी त्यांना बोलावलं.

“काहून व भाचीबाई, बीएत डुकरं मारायचा पेपर होता का?”

“नव्हता जी मामा. पण लायसन तं तुमच्यापाशी हाये नं? तुमी किती मारले?”

“मी आवाज करतो. आवाजानं बी पळतात.”

“आवाज तं बाबाही करतात, फुकटात.”

मामा हसले आणि बंदूक साफ करायला बसले.

ठरवायचं सगळं आम्हालाच होतं. मी रोज धुऱ्याने फिरून ओल्या मातीतले खुरांचे ठसे पाहिले. वारा आपल्याकडून त्यांच्याकडे जात असेल तर डुकरं उतरत नाहीत, हे बाबांनी सांगितलं. शेताच्या मधोमध मचाण बांधलं. मामा तिथे बसणार, बाबा आणि मी गावाकडच्या धुऱ्यामागे. डुकरं पुरती आत येऊ द्यायची, कोणी तोंड उघडायचं नाही.

फटफटलं तेव्हा ती आली. मोठं एक, मागे चार-पाच. धान हलायला लागला. मचाणावर मामांची बंदूक हळूहळू वर आली. आणि माझ्या शेजारी बाबा उठून उभे राहिले आणि जीव तोडून ओरडले, “हाऽऽ हुर्रऽऽ, हाऽऽ.”

सगळी डुकरं नाल्याच्या बाजूला, बांध तुटून पडलेल्या खिंडीतून धुऱ्यापलीकडे. मोठं तर पलीकडे जाऊन थांबलं, वळून आमच्याकडे बघत राहिलं. गोळीच्या टप्प्यात होतं. मामांनी बंदूक खाली केली.

मचाणावरून उतरून ते म्हणाले, “भाऊजी, मी आलो कायले मंग?”

बाबा ओशाळले. “मले समजलंच नाही. डुक्कर दिसलं अन् तोंड उघडलं.”

मला बाबांचा राग आला नाही. ज्यांनी या माणसाला आयुष्यभर डुकराविरुद्ध ओरडण्यापलीकडे दुसरं काही हातात दिलं नाही, त्यांचा आला. बाबांच्या बापानेही हेच केलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही स्वतःच्या शेतात उभे राहून ओरडत आलो आणि त्यालाच राखण म्हणत आलो.

पण त्या खिंडीतले ठसे मी पुन्हा जाऊन पाहिले. जुने, नवे, एकावर एक. बाबा दर वेळी गावाकडून ओरडायचे आणि डुकरं दर वेळी तिथूनच निघायची. बाबांच्या आवाजानेच त्यांना ती वाट पाठ झाली होती.

घरी येऊन मी म्हटलं, “बाबा, उद्या गप बसू नका. गावाकडून ओरडा, जेवढा जोर हाये तेवढ्यानं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा मचाण सोडून त्या खिंडीजवळ, पण धुऱ्याच्या अलीकडे बसले. बाबांच्या दिशेला आणि झुडपाकडे नळी फिरवायची नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

“आता श्वास घेऊ का, का त्याचीबी परवानगी लागते?” मामा म्हणाले.

फटफटताना डुकरं उतरली आणि बाबा ओरडले. त्यांचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. डुकरं खिंडीकडे सुटली, एक बार झाला, आणि मोठं डुक्कर आमच्याच बांधीत, धुऱ्याला डोकं लावून पडलं.

वनरक्षक आला, त्याच्याबरोबर आणखी दोघे. कुठे पडलं, डोकं कुठे, धुरा कुठे, सगळं पाहिलं. मग म्हणाला, “याले हात लावू नका. हे सरकारी मालमत्ता हाय.”

आई पदर खोचून पुढे झाली. “जित्तं होतं, आमचा धान खात होतं, तवा कोनाचं होतं जी?”

डुक्कर नेऊन पुरलं त्यांनी. आईचा तो प्रश्न मी नंतर मोठ्या साहेबांनाही विचारला. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, उत्तर दिलं नाही.

बाकीची डुकरं त्या हंगामात आमच्या शेतात उतरली नाहीत. दिवाळी झाल्यावर आई, बाबा आणि मी, तिघांनी मिळून आमचा धान कापला, बांधला आणि घरी आणला. पुढच्या पावसाळ्यात बाबांनी त्याच शेतात पुन्हा रोवणी केली.